वाचकांचे प्रश्न: बेस गिटारच्या तारा किती खाली आणायच्या?

या वेळी फक्त बेसच्या सेटअपवरचे प्रश्न घेतले आहेत. खालचे आकडे ३४ इंची, म्हणजे ८६४ मि.मी. स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) चार तारांच्या बेससाठी आहेत. १९५१मध्ये अमेरिकन फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून हीच लांबी सर्वांत रुळलेली आहे. तुमचा बेस ३० किंवा ३२ इंची असेल तर आकडे थोडे सरकतील, कामाचा क्रम तोच राहील.

प्रश्न (ठाणे): ऑनलाइन नवा बेस घेतला. बाराव्या फ्रेटवर ई तार ४ मि.मी. उंच आहे, तासाभरात बोटं भरून येतात. एक मित्र म्हणतो ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा गज) घट्ट कर, दुसरा म्हणतो त्याला हातसुद्धा लावू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही अर्धंच ऐका. ट्रस रॉडला हात लावावा लागू शकतो, पण तारा खाली आणायला नाही. चार तारा मिळून नेकवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो आणि त्या ओढीने नेक पुढे वाकते. ट्रस रॉड ती ओढ आतून पेलतो. थोडा बाक हवाच असतो, कारण तार मधोमध सर्वांत जास्त हलते. तिला झुलायला तेवढी जागा लागते. या बाकाला रिलीफ म्हणतात. तारांची उंची ठरते ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या छोट्या तुकड्याने. रिलीफ आधी, सॅडल नंतर. हा क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावं लागतं.

आधी तुम्ही रोज ज्या सुरात वाजवता त्याच सुरात बेस नीट लावा. ढिल्या तारांवर घेतलेलं माप फुकट जातं. बेस मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा. टेबलावर आडवा ठेवून नेकखाली उशी दिली तर नेक थोडी वर ढकलली जाते आणि माप खोटं येतं.

आता ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने दाबा (कॅपो नसेल तर डाव्या हाताने) आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर उजव्या हाताने दाबा. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यात किती फट आहे ते फीलर गेजने मोजा. हा गेज वाद्यांच्या दुकानात शोधत बसू नका. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. फट ०.३० ते ०.३५ मि.मी. आली तर रॉडला हात लावायची गरज नाही. गेज मिळेपर्यंत ढोबळ परीक्षा हवी असेल तर एटीएम कार्ड पाऊण मि.मी.च्या आसपास, नेमकं ०.७६ मि.मी. जाड असतं, ते तारेला न उचलता आत शिरलं तर बाक खूपच जास्त आहे.

बाक जास्त असेल तर रॉड घट्ट करायचा. रॉडच्या तोंडासमोर डोळा धरून पाहिलं की घड्याळाच्या दिशेने घट्ट, उलट दिशेने सैल. तोंड हेडस्टॉकवर (खुंट्यांच्या टोकाला) असो की बॉडीच्या बाजूला, नियम तोच. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घट्ट करण्याआधी तारा थोड्या उतरवा, म्हणजे आट्यांवर जोर येत नाही. मग पुन्हा सूर लावून पुन्हा मोजा. काही नेक लगेच बदलतात, काही रात्रभर हळूहळू सरकत राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. चावी फिरेना झाली तर थांबा. ताकद लावून रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीला भिडतो.

चावीच्या मापाबद्दल सावध राहा. अमेरिकन बनावटीच्या अनेक बेसना ३/१६ इंची ॲलन की लागते, म्हणजे ४.७६ मि.मी. आपल्याकडच्या संचातली ५ मि.मी.ची आत जात नाही, मग लोक ४.५ची घालून पिळतात आणि षट्कोनी भोक गोल करून ठेवतात. आशियाई बनावटीच्या बेसना बहुधा ४ किंवा ५ मि.मी. लागते. चावी न डुगडुगता बसली पाहिजे.

रिलीफ जमला की मग उंची. तुमच्या ४ मि.मी.पैकी थोडी उंची बाक कमी केल्यानेच गेली असेल. उरलेली सॅडलने काढायची. इथे एक साधा हिशेब हाताशी ठेवा: बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल १ मि.मी. खाली आणलं की बाराव्या फ्रेटवर तार अर्धाच मि.मी. उतरते. सॅडलचे उभे स्क्रू बहुतेक वेळा एम३ मापाचे असतात. त्यांचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मि.मी., म्हणजे बाराव्या फ्रेटवर पाव. दीड मि.मी. उतरवायची असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू सहा-सहा फेरे फिरवावे लागतील. दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं बसतं आणि तार एका अंगाला सरकते. सॅडल वर चढवताना तार आधी ढिली करा.

किती खाली आणायच्या, हे हातावर ठरतं. फेंडरची शिफारस सतराव्या फ्रेटवर मोजायची आहे: फिंगरबोर्डची गोलाई (त्रिज्या) ९.५ ते १२ इंच असेल तर ई तारेखाली २.४ मि.मी. आणि जी तारेखाली २ मि.मी. तिथून सुरुवात करा. हलक्या बोटांनी वाजवणाऱ्याला २ आणि १.५पर्यंत जाता येतं. स्लॅप करणारा (अंगठ्याने तार आपटणारा) किंवा जोरकस हाताचा वादक तिथे गेला तर प्रत्येक स्वराबरोबर फ्रेटची खरखर ऐकेल. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जॅमरसन जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या) तारा भरपूर उंच ठेवत, तेव्हा ‘खाली म्हणजे चांगलं’ हा नियम मुळात कुणी केलेलाच नाही. मधल्या दोन तारा ई आणि जीच्या रेषेत सपाट ठेवू नका. बोर्ड गोल आहे, त्यामुळे त्या किंचित वर राहतात. जुन्या पत्रिकेचा पुठ्ठा बोर्डच्या गोलाईत कापून तारांखाली धरला की फरक दिसतो.

शेवटी पिकअप, म्हणजे तारांखालचं, त्यांची कंपनं टिपणारं चुंबक. बाराव्या फ्रेटवर तारा दीड मि.मी. खाली आल्या म्हणजे पिकअपपाशी त्याहूनही जास्त खाली आल्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या माथ्यापर्यंत ई बाजूला सुमारे २.८ आणि जी बाजूला २ मि.मी. अंतर ठेवा. त्याहून जवळ गेलात तर चुंबक तारेला ओढतं, वरचे स्वर डगमगतात, आणि माणूस पुन्हा ट्रस रॉडवर संशय घेतो.

प्रश्न (सावंतवाडी): पावसाळ्यात पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारा खरखरायला लागतात. सातव्याच्या पुढे ठीक. सॅडल वर घेतले तर खरखर कमी होते, पण वरच्या फ्रेटवर वाजवणं अवघड होतं.

उत्तर: खरखर कुठे होते त्यावरून दोष कळतो. पहिल्या पाच फ्रेटांत होते आणि पुढे नाही, म्हणजे रिलीफ संपला आहे, कदाचित नेक मागेच वाकली आहे. सॅडल वर घेऊन तुम्ही रोग तसाच ठेवून वरची बाजू उंच केलीत.

वर सांगितल्याप्रमाणे मोजा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार टेकत असेल तर रॉड पाव फेरा सैल करा, रात्रभर ठेवा, पुन्हा मोजा. मग सॅडल परत खाली आणा. हा भाग विसरला जातो. रॉड पूर्ण सैल होऊनही फट पडत नसेल तर एक माप जाड तारा लावून पाहा; ताण वाढला की नेक पुढे येते. तरीही नाही आली तर काम कारागिराचं.

‘पावसाळ्यात रॉड सैल, उन्हाळ्यात घट्ट’ असा ठोकताळा मात्र करू नका. ओलावा बोर्डमध्ये किती शिरतो आणि पाठीकडून किती, हे लाकूड, बोर्डची जात आणि पॉलिश यावर ठरतं. शेजारी टांगलेले दोन बेस एकाच जुलैत विरुद्ध दिशांना वाकू शकतात. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, वाद्याला ४५ ते ५५ बरी. बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की सुकवून घ्या. ओल्या पुड्या नुसत्या जागा अडवतात.

समुद्राकाठच्या हवेत सॅडलचे स्क्रूही गंजून बसतात. ॲलन की फिरेना तर जोर लावू नका, दीड मि.मी.ची चावी भोकाचे कोन झिजवायला वेळ लावत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने आट्यांवर सोडा, रात्रभर मुरू द्या. तरीही अडलं तर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूवर अर्धा मिनिट टेकवा आणि कोमट झाल्यावर फिरवा. तेल तारांवर आणि लाकडावर जाऊ देऊ नका.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात नेकच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला टोचतात. फ्रेट बाहेर येताहेत का?

उत्तर: फ्रेट जागच्या जागीच आहेत, लाकूड आक्रसलंय. ओलावा परत मिळाला की बरंचसं मिटतं, म्हणून लगेच कानस घेऊन बसू नका. दोन उन्हाळे गेले तरी टोचत असेल तर बारीक कानशीने टोकं ४५ अंशात मोडून घ्यावीत, तीही बोर्डला चिकटपट्टी लावून. आणि बेस कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. दुपारी दमट आणि रात्री कोरडं अशी रोजची उलटापालट नेकला नुसत्या कोरड्या हवेपेक्षा जास्त छळते.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या ऑर्केस्ट्रात गायिकेच्या पट्टीसाठी सगळी गिटारं अर्धा स्वर उतरवून ठेवली आहेत. तेव्हापासून माझा बेस सगळीकडे भणभणतो. तारा ४५-६५-८५-१०५च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) आहेत.

उत्तर: तारेचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई तार ४१.२ हर्ट्झवरून ३८.९ हर्ट्झवर आली, म्हणजे कंपनसंख्या साडेपाच टक्क्यांनी उतरली, पण ताण सुमारे ११ टक्क्यांनी. पूर्ण स्वर उतरवलात तर २१ टक्के. याचे दोन परिणाम एकदम होतात: ओढ कमी झाल्याने नेक सरळ होते, आणि ढिली तार जास्त रुंद हलते. जागा कमी, हालचाल जास्त.

सरळ उपाय म्हणजे जाड तारा. तारेचं वजन व्यासाच्या वर्गाने वाढतं. १०५च्या जागी ११०ची तार घेतली तर वजन जवळपास १० टक्के वाढतं, म्हणजे गेलेला ताण बहुतेक परत मिळतो. ५०-७०-९०-११०चा संच लावा. बारीक तारांवर ताण मूळच्यापेक्षा थोडा जास्तच होईल, चालेल. पण नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा तपासा. ११०ची तार १०५च्या खाचेत तळाला न बसता काठावर अडकली तर पहिल्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतील आणि सूर लावताना ‘टक’ असा आवाज येईल. खाच थोडी रुंद करावी लागते. खोल नाही, रुंद. त्यानंतर रिलीफ आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात येतो का ते) पुन्हा पाहायचं.

नवा संच घ्यायचा नसेल तर रॉड थोडा सैल करून रिलीफ ०.३५ला आणा आणि सॅडल अर्धा-एक फेरा वर घ्या. एकाच कार्यक्रमात दोन्ही सुरांत वाजवायचं असेल तर सेटअप उतरलेल्या सुरासाठी करा. तो चढ्या सुरात जरा जड लागेल, पण खरखरणार नाही. खरं तर आम्हाला विचाराल तर बेस मूळ सुरातच ठेवून एक फ्रेट खाली वाजवणं बरं. अडचण फक्त खालच्या ई फ्लॅटची, आणि ती पाच तारांच्या बेसवर राहत नाही.

प्रश्न (नाशिक): सॅडल पूर्ण तळाला टेकले, रिलीफ ०.३० आहे, तरी सतराव्या फ्रेटवर तार ३.५ मि.मी. वर.

उत्तर: नेकचा कोन चुकलेला आहे. बोल्ट-ऑन नेक असेल तर खोबणीत पट्टी घालून तो दुरुस्त होतो. तारा ढिल्या करा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून त्या जागेवर अडकवून ठेवा, चारही स्क्रू काढा आणि नेक अलगद वर उचला. आधी खोबण साफ आहे ना ते बघा. रंगाचा थेंब किंवा लाकडाचा कपचा अडकलेला असणं अगदी सामान्य आहे आणि कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

पट्टी खोबणीच्या पिकअपकडच्या टोकाला, आडवी, पूर्ण रुंदीची घाला. जाडी पाव मि.मी.पासून सुरू करा. एवढीशी पट्टी किती करते ते बघा: खोबण साधारण ७५ मि.मी. लांब आणि तिच्या पुढच्या काठापासून ब्रिज सुमारे ३४० मि.मी. दूर, त्यामुळे पाव मि.मी.ची पट्टी ब्रिजपाशी एक मि.मी.हून थोडा जास्त फरक पाडते. तुमच्या सतराव्या फ्रेटवर तेवढ्याने पाऊण मि.मी.च्या आसपास उंची कमी होईल. पुरेसं नसेल तर अर्धा मि.मी. घाला. व्हिनिअर किंवा कडक प्लॅस्टिक वापरा. घडी घातलेला कागद दबत जातो आणि महिन्याभरात सेटअप बदलतो. दोन्हीपेक्षा चांगली ती पूर्ण खोबणीभर निमुळती होत गेलेली लाकडी पट्टी, कारण मध्ये पोकळी राहत नाही.

स्क्रू परत लावताना आधी उलट दिशेने हळू फिरवा, जुन्या आट्यात पडल्याचं हाताला जाणवतं, मग घट्ट करा. नाहीतर नवे आटे पडून लाकूड भुसभुशीत होतं. सूर लावल्यावर स्क्रू पाव फेरा सैल करून परत आवळले की तारांच्या ओढीने नेक खोबणीत घट्ट बसते.

प्रश्न (पुणे): बाराव्या फ्रेटवर ई तार आठ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी येते. सॅडल मागे घेत गेलो, स्क्रू संपला.

उत्तर: मागे घेण्याची दिशा बरोबर आहे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा तर सॅडल मागे, उतरा तर पुढे. १ मि.मी. सरकवल्याने दोघांतला फरक सुमारे दोन सेंटने बदलतो, म्हणजे तुम्हाला ४ मि.मी. हवेत. ई तारेचं सॅडल सगळ्यांत मागे असतंच. त्याच्या स्प्रिंगमुळे जागा अडली असेल तर स्प्रिंग कापून अर्धी करा किंवा काढूनच टाका. तारेचा ताण सॅडलला धरून ठेवतो.

पण त्याआधी तीन गोष्टी तपासा. तार किती जुनी आहे? मळलेली, झिजलेली तार कुठल्याच सॅडलवर सुरात येत नाही, इंटोनेशन नेहमी नव्या तारांवर करायचं. दुसरं, नवी तार खुंटीत घालताना कापण्याआधी तिला काटकोनात वळवली होती का? न वळवता कापली की वरचं वेटोळं गाभ्यावरून सैल होतं आणि तार मुकी लागते. तिसरं, सॅडलवर आणि नटवर तार कमानीसारखी तर जात नाही ना? सॅडलच्या लगेच पुढे अंगठ्याने हलकेच दाबून तिला तिथे स्पष्ट मोड द्या. एवढ्याने दोन-तीन सेंट सुधारतात.

ट्यूनरबद्दल: हेडस्टॉकला लावायचे क्लिप ट्यूनर खालच्या ई तारेवर गडबडतात. वायर जोडून पेडल ट्यूनर वापरा, टोन कमी करा आणि तार नेकच्या जवळ छेडा.

प्रश्न (डोंबिवली): फक्त मोकळी ई तार खरखरते. दाबली की साफ.

उत्तर: नटची खाच खोल झाली आहे. तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, तार टेकलेली दिसेल. तिथे केसभर फट हवी. खात्री करायची तर खाचेत कागदाचा कपटा ठेवून वाजवा. खरखर गेली तर खाच भरून पुन्हा कापायची किंवा नट बदलायचा. कागद तसाच ठेवून कार्यक्रम करायला हरकत नाही.

प्रश्न (मडगाव): जी तारेवर पाचव्या फ्रेटचा सी लगेच मरतो. फ्रेट लेव्हल करून घेतले, तारा बदलल्या, तरी तसंच.

उत्तर: तो डेड स्पॉट आहे आणि सेटअपने जाणार नाही. लांब बोल्ट-ऑन नेकच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये तो हमखास सापडतो. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तुमच्याकडे ती सी म्हणजे १३१ हर्ट्झच्या आसपास पडली, आणि तारेची ऊर्जा नेकच खाऊन टाकते. फ्रेट लेव्हल करण्याचा खर्च या दुखण्यावर वाया जातो. करण्याआधी हेडस्टॉकला हात घट्ट धरून तोच स्वर वाजवून बघायला हवा होता, टिकण्यात फरक पडला असता तर निदान तिथेच झालं असतं.

आता हेडस्टॉकच्या टोकाला कापड लावून छोटा जी-क्लॅम्प आवळा. वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या खाली सरकते आणि डेड स्पॉट एखाद्या फ्रेटने हलतो. तो जिथे गेला तो स्वर तुम्हाला कमी लागत असेल तर त्याच वजनाचा कायमचा तुकडा बसवा. हलक्या खुंट्या लावल्या तर तो उलट दिशेने सरकतो. काहीच करायचं नसेल तर तोच सी डी तारेच्या दहाव्या फ्रेटवर घ्या.